सहा हजार मोठे की एक?

गावच्या जत्रेत यंदा मुलींची कुस्ती लागणार हे ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या धाकट्या भावाला झाला. कारण आखाड्यात उतरणार होती त्याचीच लेक. भाऊ फौजेत. दर सुट्टीला आला की घरामागच्या तुकड्यात माती भुसभुशीत करून तिला डाव शिकवायचा, त्यातही पट, म्हणजे समोरच्याच्या पायात घुसून त्याला पाडायचं, आणि आमची आई कपाळाला हात लावायची. जत्रेसाठी त्याला सुट्टी मिळाली होती, ती आठवड्याभरात रद्द झाली.

"आक्का, मला कुस्ती चालू असतानाच बघायचीय," तो फोनवर म्हणाला. "निकाल कळल्यावर बघण्यात काय हाय?"

मी साताऱ्याला ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मोठ्या ऐटीत म्हणाले, बघशील.

आमचं गाव वडूजच्या पुढे. जत्रेच्या गर्दीत मोबाइलवर बोलता तरी येतं, इंटरनेट मात्र मान टाकतं. म्हणून मैदानाला लागूनच असलेल्या दूध डेअरीची फायबर लाइन वापरायची ठरली. लग्नं आणि कुस्तीची मैदानं थेट दाखवणारा एक व्हिडिओवाला सांगलीहून आला. त्याने आपलं मशीन मांडलं, डेअरीच्या कॉम्प्युटरवर लाइनीचा वेग तपासला आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, माझं मशीन सेकंदाला सहा हजार पाठवतंय. तुमच्या लाइनीचा अपलोड हाय एक."

"एक हजार?"

"नुसता एक. हे बघा."

स्क्रीनवर खरंच एक होता. एवढ्यात जत्रा कमिटीची माणसं भोवती जमली. त्यात डेअरीचे चेअरमनही होते, गाव त्यांना अण्णा म्हणतो. "सहा हजार पायजेत आन् हाय एक? ऱ्हाऊ द्या मग," अण्णांनी निकाल दिला. "शूटिंग करा, पोराला मागनं पाठवू." बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असला की कमिटीचं एकमत व्हायला अर्धं मिनिटही लागत नाही. व्हिडिओवाला वायर गुंडाळायला लागला.

मला असा संताप आला म्हणता! भावाला आता काय तोंडाने सांगू, या विचाराने मी त्या एकाकडे खाऊ की गिळू अशी बघत बसले, आणि बघता बघता त्याच्या शेजारचं माप दिसलं. मशीनचे सहा हजार होते किलोबिट. तपासणीचा एक होता मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, हजार किलोंचा एक मेगा. दर वर्षी मी हे फळ्यावर लिहिते, आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, मॅडम, याचा उपयोग काय? त्या सगळ्यांना एका रांगेत डेअरीत आणून उभं करावंसं वाटलं.

"वायर खाली ठेवा," मी म्हणाले. "आवं अण्णा, डेअरीला एकानं एक लिटर दूध घातलं आन् दुसऱ्यानं सहाशे मिली, तर जास्त कुणाचं?"

"लिटरवाल्याचं. ह्यात काय इचारायचं?"

"पर आकडा तर सहाशे मोठा हाय की."

"आगं, माप येगळं न्हाई का..." अण्णा बोलता बोलता थांबले आणि स्क्रीनकडे वळले. "म्हंजे ह्यो एक?"

"ह्यो एक म्हंजे आठ हजार. लागत्यात सहा."

"मग लय झाले की!" आणि लगेच व्हिडिओवाल्यावरच डाफरले, "गुंडाळतोस काय रं? सोड ती वायर!"

व्हिडिओवाला कुरकुरत होता. चित्र अडकलं तर नाव त्याचं खराब होणार. अडकलं तर खुशाल माझं नाव सांगा, असं मी ठणकावून सांगितलं. लाइनीवर दुसरा भार नको म्हणून डेअरीतल्या सगळ्यांचं वायफाय बंद करायला लावलं. त्यात कमिटीतल्या एकाचा सिनेमा मध्येच तुटला. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

मग भावाला फोन लावला. तो बराकीत दुसऱ्याच्या मोबाइलवर डोळे लावून बसला होता.

"दिसतंय, आक्का! हलगीवाल्याचा फेटासुदिक दिसतोय!"

मी कमिटीकडे एक नजर टाकली. एकही जण माझ्याकडे बघेना. फार बरं वाटलं.

फोन कानाला लावूनच मी आखाड्याच्या कडेला गेले. समोरची पोरगी आमच्या भाचीपेक्षा वीतभर उंच होती. पहिल्याच झटक्यात तिने भाचीला खाली आणलं. भाची वळवळून सुटली, उठली, सरळ समोरचीच्या पायात घुसली, आणि पुढच्या क्षणी त्या उंच पोरीची पाठ मातीला लागलेली होती. चितपट! अख्खं मैदान उठलं, टोप्या उडाल्या, हलगी कडाडली.

"काय झालं?" फोनमध्ये भाऊ ओरडला. चित्र त्याच्याकडे काही सेकंद मागून पोचत होतं, आवाज मात्र फोनवरून लगेच गेला होता. "आक्का, आरडाओरडा कसला? कोण पडलं? हितं दोघी अजून उभ्याच हायत!"

"सांग की गं त्याला!" अण्णा माझ्या कानाशी ओरडत होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"सांगणार न्हाई," मी म्हणाले. "तू बघ."

मग फोनमधून सगळ्या बराकीची आरोळी आली, आणि तिच्याही वर माझ्या भावाचा आवाज, "पट काढला! आक्का, माझ्या पोरीनं पट काढला!"