राहिलेला तास

“कालचा राहिला ना, तोही आणा.” आमच्या शेजारचे सर दारात चपला काढता काढता हे म्हणायचे, आणि मी निमूट दोन कप चहा त्यांच्यासमोर ठेवायचे. एक कालचा, एक आजचा. दोन्ही प्यायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण इतकी पक्की पाहिली नसतील.

जपानमधल्या ओजिमाच्या सरकारी वसाहतीत आमचं दार नि त्यांचं दार समोरासमोर. आमचे हे तोयोसुला नोकरीला, आणि सर योकोहामाच्या एका युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकवायचे. एकटेच असायचे. लग्न केलेलं नव्हतं. मिरजेला म्हातारी आई, तिच्याजवळ धाकटा भाऊ.

जपानमध्ये तास बुडाला की मास्तरांना तो पुढे भरून द्यावा लागतो. हा तिथला नियम. सरांनी तो उचलून सगळ्या आयुष्याला लावला होता. एका वर्षी गणपतीच्या आरतीला त्यांना येता आलं नाही. पुढच्या आठवड्यात धुतलेला सदरा घालून हजर. मी म्हटलं, “सर, विसर्जन होऊन गेलं. राहू दे आता.” तर म्हणाले, “छे, राहू कसं द्यायचं? देऊन टाकू.” आणि रिकाम्या पाटासमोर उभं राहून त्यांनी आरती म्हटली, टाळ्यांसकट. आमची सई हसून लोळत होती. मी आपलं त्यांना प्रसाद म्हणून केळं दिलं.

ही सई, आमची मुलगी, मी सांगतेय त्या वर्षी जपानी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती. मी मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची, तेही दोन शब्दांत. सरांची युनिव्हर्सिटी हायस्कूलच्या मुलांना शनिवारी आपल्या वर्गात बसू द्यायची. पास झालं की शाळेतही क्रेडिट मिळायचं, आणि पुढे त्याच युनिव्हर्सिटीत गेलं तर तिथेही ते धरायचे. मुख्याध्यापकांची शिफारस हवी, हजेरी दोन तृतीयांश हवी, आणि शाळा तिकडे जाऊ देणार ती फक्त शनिवारी. सईने सरांचा वर्ग घेतला. शेजारी म्हणून सूट मिळेल असं तिला वाटलं असावं. पहिल्याच शनिवारी उशीर झाला म्हणून सरांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

पण तो वर्ग सुरू होण्याआधीच मार्चमधला तो मोठा भूकंप झाला होता. ओजिमातल्या कितीतरी भारतीय घरांनी आठवड्याभरात गाशा गुंडाळला. मिरजेहून रोज फोन. सर जाणार असं आम्ही धरूनच चाललो होतो. युनिव्हर्सिटी महिनाभर उशिरा उघडणार होती. तेवढ्यात जाऊन यायचं, एवढंच. पण तेव्हा विमानांत जागा नव्हती, आणि जागा झाली तोवर वर्ग सुरू व्हायची वेळ आली.

“युनिव्हर्सिटीतली मोठी मुलं पुढच्या वर्षी हा विषय पुन्हा घेऊ शकतात,” ते मला म्हणाले. “ही पोरं मार्चमध्ये शाळेतून बाहेर पडतील. यांना हे एकच वर्ष आहे, वहिनी. यांची सहल राहिली, समारंभ राहिला. माझा तास तरी राहायला नको.”

ते आईशी आमच्याकडे बसूनच बोलायचे, स्पीकर लावून, कारण म्हातारीला मीही हवी असायची. ती म्हणाली, “तुझ्या त्या पोरांचं आटप, मग ये. मी कुठं पळून चाललेय?” सर हसले. म्हणाले, “आई, दिवाळीची भेट राहिलीय, तीही देऊन टाकीन. जास्त दिवस राहीन.”

त्या उन्हाळ्यात वीज वाचवायची म्हणून लिफ्ट बंद, निम्मे दिवे बंद. सर घामाघूम होऊन जिने चढायचे. जुलैत वादळाने गाड्या थांबल्या आणि एक शनिवार बुडाला. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसनेच सांगितलं, यंदा भूकंपामुळे सूट आहे, त्या तासाऐवजी मुलांकडून घरी निबंध लिहून घ्या. सईने ही बातमी आनंदाने घरी आणली. सर म्हणाले, “सूट आहे, मान्य. पण त्या तासाचं शिकवणार कोण, सूट?” आणि ऑगस्टमधला एक शनिवार ठरवून आले.

त्या शनिवारच्याच आठवड्यात त्यांच्या भावाचा फोन आला. आईला दवाखान्यात हलवलंय, ये. मी सरांना म्हटलं, “आजच निघा. निबंध घेऊन टाका ना, तुमचं ऑफिसच सांगतंय.” त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, “शनिवारी सकाळी तास देतो आणि रात्रीच्या विमानाने निघतो. डॉक्टर म्हणताहेत, तेवढा वेळ आहे.” मला राग आला होता. मी चहाही विचारला नाही.

शनिवारी सकाळी भावाने माझ्या फोनवर फोन केला. सरांचा बंद होता. आई पहाटे गेली होती.

सईचाही फोन बंद. मी तशीच गाडीत बसले आणि योकोहामाला गेले. वर्गाच्या दाराला काच होती. आत सर फळ्यावर लिहीत होते, मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती. मी दार उघडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. घाई करून आता कुणाला गाठायचं होतं? मी बाहेर उभी राहून रडले. आतून सरांचा आवाज येत होता, एकाला ते समजलं नव्हतं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.

तास संपला. मुलांनी उभं राहून, वाकून आभार मानले. सरांनी फळा पुसला आणि हसत बाहेर आले. “वहिनी, तुम्ही? सईला न्यायला?”

मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“आई?”

मी मान हलवली.

“रात्रीचं तिकीट काढलंय हो मी,” ते म्हणाले. मला नव्हे, कुणाला तरी समजावत असल्यासारखे. “रात्रीचंच आहे.” खिशातून काढून ते तिकीट त्यांनी मला दाखवलं. त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता. परतीच्या गाडीत सईने त्यांची बॅग स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि त्यांनी ती घेऊ दिली.

दिवस वगैरे आटपून सर परत आले, डोक्यावर केसांचे खुंट. उरलेलं वर्ष त्यांनी एकही तास न बुडवता पुरं केलं. सईला क्रेडिट मिळालं आणि त्याच युनिव्हर्सिटीत प्रवेशही मिळाला. सरांनी तिला पेढा दिला. पण आमच्याकडे येणं कमी झालं. आले तरी एकच कप घ्यायचे.

मार्चमध्ये नोकरी सोडून ते मिरजेला निघाले. किल्ली द्यायला दारात आले, तेव्हा चपला काढल्या नाहीत. मी म्हटलं, “सर, आत या ना. तुमचे किती चहा राहिलेत माझ्याकडे. सगळे करते आज.”

“राहू दे, वहिनी,” ते म्हणाले.

इतकी वर्षं हे मी म्हणायचे, आणि ते ऐकायचे नाहीत.