अफरोज क्लायंट झाली तेव्हा

अफरोज गेली. आज सकाळी.

आणि कौन्सेलिंगच्या वर्गात घोकलेलं एकही वाक्य मला तिच्या दारात सुचलं नाही.

एमएच्या वर्गात आम्ही दोघीच वयाने थोराड. बाकीची पोरं आम्हाला मॅडम म्हणायची. मी चाकणच्या एका कंपनीत एचआर. ती काळेवाडीची, नवऱ्याचं टू-व्हीलरचं गॅरेज.

तिला कौन्सेलर व्हायचं होतं, तेही एखाद्या शाळेतच.
"मोठी माणसं काय सुधारत नाहीत गं. पोरं निदान ऐकतात तरी."

वर्गात प्रॅक्टिस असायची. एक कौन्सेलर, एक क्लायंट, प्रॉब्लेम खोटा. संपलं की क्लायंटने स्वतःचं नाव सांगायचं आणि म्हणायचं, 'मी आता ती नाही.' सोंग अंगाला चिकटू नये म्हणून.

त्या दिवशी कौन्सेलर मी, क्लायंट अफरोज.
"मला कॅन्सर आहे. पोरांना कसं सांगू?"

मी मान डोलावत पुस्तकी प्रश्न विचारले. तिने अशी उत्तरं दिली की पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सर म्हणाले, "छान. आता रोलमधून बाहेर या."

"मी अफरोज," ती म्हणाली.
पुढचं वाक्य आलंच नाही.

टाळ्या थांबल्या. सर खुर्चीत बसले. मी तिचा हात धरला, बाकी काही करता येईना.

घरचे सगळे म्हणत होते, पोरांना काही कळू देऊ नका. ती भडकायची. "उद्या लोकांच्या पोरांशी खरं बोलणार आणि माझ्या पोरांना थापा मारू?"

मग कॅन्टीनमध्ये मी तिची आठवीतली मुलगी सना व्हायचे. विचारायचे, "अम्मी, तू मरणार का?"
ती अडायची. रडायची. मग माझ्यावरच डाफरायची, "माझी सना एवढी खवट नाहीये!"

एका रविवारी तिने सनाला खरंच सगळं सांगितलं. फोनवर मला एवढंच म्हणाली, "जमलं गं."

धाकट्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

आज तो विचारत होता, अम्मी कधी उठणार. त्याची खाला, म्हणजे मावशी, म्हणाली, "सो रही है बेटा."

सनाने त्याला मांडीवर घेतलं.
"अम्मी सोई नहीं. अम्मी गुजर गई. अब नहीं उठेगी. तू रो ले, मैं हूँ."

तो रडला. खूप रडला. तिने त्याला गप्प केलं नाही.

तुझी डिग्री राहिली, शाळा राहिली. मला फार राग येतोय, अफरोज. कोणावर, ते माहीत नाही.

पण सनाने त्याला नीट सांगितलं गं. तू ऐकायला हवी होतीस.

खुदा हाफिज, बाई.