वयनींचा गाळाचा पाठ

वयनी प्रश्न विचारत आणि मग गप्प बसत. समोरचा उत्तर देईपर्यंत गप्प. आपण बहुतेक जण प्रश्न विचारतो आणि समोरच्याची अडचण होऊ नये म्हणून अर्धं उत्तर स्वतःच पुरवतो. ही दया वयनींना ठाऊक नव्हती. पर्स पोटाशी धरून त्या उभ्या राहायच्या आणि बघत राहायच्या. कंडक्टर, ऑफिसातला क्लार्क, बी.एड.चे प्राध्यापक, सगळ्यांनी ती शांतता सोसली. मीही सोसली, आणि अजून तिच्यातून पुरता बाहेर आलेलो नाही.

आमची ओळख बी.एड.च्या प्रवेशाच्या रांगेत झाली. आमच्याकडच्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्यावर माझी खाण कंपनीतल्या ऑफिसची नोकरी गेली होती आणि बी.ए.चं जुनं सर्टिफिकेट घेऊन मी चाळिशीनंतर पुन्हा विद्यार्थी व्हायला निघालो होतो. लाज वाटत होती म्हणून रांगेत जरा मागेच उभा होतो. पुढे माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. ह्या वयात बी.एड. करून काय करणार, असं क्लार्क त्यांना सहज म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. बाईंनी वयाची अट कुठल्या कागदावर लिहिली आहे एवढंच विचारलं आणि त्या गप्प झाल्या. क्लार्कने फाइल उघडली, मिटली, पंख्याकडे बघितलं. रांग दारापर्यंत गेली. शेवटी त्यानेच पेन पुढे केलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

वयनी, म्हणजे वहिनी, हे नाव पडलं ते पहिल्याच दिवशी. वर्गात सगळी बावीस-तेवीसची मुलं. बाई आत आल्या तेव्हा पुढच्या बाकावरचा मुलगा त्यांना कोणाची तरी आई समजून आदराने उठला आणि वरच्या मजल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "वयनी, पालकांची मिटींग वयल्या माळ्यार आसा."

"पालक न्हय, विद्यार्थी," त्या म्हणाल्या. "थोडो सरक मरे, जागा कर."

वर्ग हसला, तो मुलगा सरकला, आणि दोन वर्षं त्या सगळ्यांच्या वयनी झाल्या. मी त्यांच्यापेक्षा दोन-चार महिन्यांनी मोठा, तरी मीही वयनीच म्हणायचो. त्या मला भाऊ म्हणत.

त्या पेडण्याकडच्या. गावातल्याच एका हायस्कुलात कित्येक वर्षं भूगोल शिकवत होत्या, पण बी.एड. नाही म्हणून तात्पुरत्या. एप्रिल संपला की शाळा त्यांना कमी करायची, जून उजाडला की परत बोलवायची. "शाळेची घंटासुद्धा उन्हाळ्यात खिळ्यावरच असते भाऊ, मला तेवढी काढून ठेवतात," असं त्या म्हणाल्या होत्या. सांगताना आवाजात रडं नव्हतं, फक्त हिशेब चुकता करायचा राहिल्यासारखं काहीतरी होतं. नवरा औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिशियन. त्याची हरकत नव्हती, मदतही विशेष नव्हती. शाळेने मात्र स्पष्ट सांगितलं होतं की दोन वर्षांनी कायम जागा निघणार आहे, त्या जूनला बी.एड. हातात असेल तर ती तुमची, नसेल तर दुसऱ्या कोणाची. वयाची मर्यादाही जवळ आली होती. त्यानंतर त्यांना ती जागा मागताही आली नसती. दोन वर्षं त्या पेडणे, म्हापसा, डिचोली असा बस बदलत प्रवास करत होत्या तो ह्या एका जूनसाठी.

बी.एड. ज्यांनी केलंय त्यांना सराव पाठ म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. भावी शिक्षक वर्गात शिकवतो, मागे परीक्षक बसतात, बाजूला आम्ही बाकीचे. पाठाचं टाचण आधी लिहून द्यायचं. त्यात आपण विचारणार ते प्रश्न असतात आणि मुलं देणार ती उत्तरंही असतात. मुलं काय म्हणतील ते आदल्या दिवशी आपल्याला कसं कळणार, हा प्रश्न वयनींनी पहिल्याच महिन्यात विचारला होता. प्राध्यापकांनी त्याला 'अपेक्षित उत्तर' म्हणतात असं सांगितलं. अपेक्षित उत्तर आलं नाही तर काय करायचं, असं वयनींनी विचारलं आणि त्या गप्प बसल्या. त्या तासाला पुढे फारसं काही झालं नाही.

आम्ही बाकीच्यांनी ह्यावर साधा उपाय काढला होता. पिढ्यान् पिढ्यांचा उपाय, आम्ही फक्त चालवला. आदल्या दिवशी वर्गात जाऊन सगळा पाठ मुलांकडून एकदा करून घ्यायचा. वर मुलांना सांगून ठेवायचं की प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करा, ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. परीक्षकांना हातांचं रान दिसतं आणि आपण उजवा हात बघून नाव घेतो. माझा शेवटचा पाठ असाच झाला. परीक्षकांनी मुलांच्या सहभागाचं कौतुक केलं. वयनी मागे बसून बघत होत्या. नंतर त्यांनी मला अर्धा उंडा पाव आणि भाजी दिली, पाठाबद्दल काही बोलल्या नाहीत.

त्यांचा शेवटचा पाठ डिचोलीजवळच्या एका शाळेत, नववीच्या वर्गावर होता. विषय भारतातल्या मातीचे प्रकार. आपल्याकडे पुस्तक इंग्रजीत असतं, मुलं कोंकणीत बोलतात आणि घरी पेपर मराठी येतो, त्यामुळे वर्गात काय कोणत्या भाषेत चाललंय ते वर्गातल्यांनाच कळतं. नियम मात्र इंग्रजीतच शिकवण्याचा. वयनींनी नकाशा लावला, अल्युव्हियल सॉइल कशी असते असं विचारलं. अख्ख्या वर्गाने "फर्टाइल" म्हटलं. इथपर्यंत सगळं टाचणाप्रमाणे. टाचणातला पुढचा प्रश्न विचारला असता तर त्या त्याच दिवशी पास झाल्या असत्या.

पण त्यांनी विचारलं, "फर्टाइल म्हणजे कितें?" मुलं पुस्तकात बघू लागली. मग त्यांनी सांगितलं की अल्युव्हियल म्हणजे गाळ, नदीने आणून टाकलेला गाळ, आणि विचारलं की गाळ पडलेल्या शेताचं काय होतं.

खिडकीजवळची एक मुलगी उठली. वेणीला लाल रिबन, आवाज बारीक. "मरता, टीचर."

"परत सांग."

"गाळ पडल्यार शेत मरता."

परीक्षकांनी मान वर केली. मागून एक मुलगा कोणी न विचारता म्हणाला, "तिचें शेत मायनीलागीं, टीचर. मुळगावां." मायन म्हणजे खाण.

वयनी गप्प झाल्या. मी त्यांच्या सगळ्या शांतता पाहिल्या होत्या, ही वेगळी होती. ह्या वेळी उत्तर त्यांना स्वतःला द्यायचं होतं. त्यांनी टाचण टेबलावर पालथं ठेवलं, फळ्यावर मधोमध रेघ मारली, एका बाजूला 'नदीचा गाळ' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'खाणीचा गाळ', दोन्ही मराठीत, आणि मुलांना बोलू दिलं. डंपावरून, खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावरून, पावसात उतरणारं तांबडं पाणी, चुलत्याचं सोडलेलं भात, वाळल्यावर पापुद्र्यासारखी तडकणारी जमीन. सगळे हात वर होते आणि कोणते डावे, कोणते उजवे हे कुणी बघत नव्हतं. मूल्यमापनाचे प्रश्न राहिले, स्वाध्याय राहिला, तास संपला.

पाठानंतर परीक्षकांसमोर उभं राहून मान खाली घालायची आणि हो सर म्हणायचं, ही रीत. परीक्षकांनी चुका सांगितल्या. घटक सोडून विषयांतर, भाषेचा नियम मोडला, पाठ अपुरा. सगळ्या खऱ्या होत्या. वयनींनी त्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.

"सर, ती मुलगी चुकली का, ते आधी सांगा."

"प्रश्न तो नाही," परीक्षक म्हणाले.

"माझा तोच आहे."

मग ती शांतता. परीक्षकांनी चष्मा पुसला, घड्याळ बघितलं आणि पाठ पुन्हा घ्यावा लागेल असं लिहून दिलं. तो महिनाभराने. त्यात नापास झाल्या तर वर्ष गेलं, आणि वर्षाबरोबर ती जागा.

मला हे सांगायलाच हवं की त्या मुलीचं म्हणणं खरं आहे हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी मुळगावचा. आमच्या स्वतःच्या शेताचा खालचा कोपरा असाच गेला, त्याची भरपाई आली, आणि भरपाईची कागदपत्रं तयार करणाऱ्या ऑफिसात मीच बसत होतो. त्या पगारावर माझी मुलं शिकली. मी कोणाचं शेत बुडवलं नाही असं मला म्हणता येतं, आणि ते मी जरा जास्तच वेळा म्हणतो.

म्हणूनच असेल, मी वयनींना अगदी जीव तोडून शहाणपण शिकवायला गेलो. डिचोलीच्या बसस्टँडवर त्यांना गाठून म्हटलं की विषय बदला, वारे घ्या, अक्षांश-रेखांश घ्या, आदल्या दिवशी मुलांकडून करून घ्या, मी मदतीला येतो. एवढी वर्षं थांबलात ती एका उत्तरापायी घालवू नका. त्यांनी सगळं ऐकलं.

"भाऊ, तुमचा पाठ मी बघितला. चांगला होता," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या वर्गात एक पोर चुकलं नाही. मला त्याचंच भय वाटलं."

बस आली आणि त्या चढल्या. मी तिथेच उभा राहिलो. राग आला होता, आणि तो त्यांचा नव्हता हे कळायला मला घरी पोचावं लागलं.

महिन्याने त्यांनी तोच वर्ग मागून घेतला, तोच घटक. प्राध्यापकांनी समजावलं, वयनींनी पुन्हा कागद कुठे आहे असं विचारलं असावं, कारण परवानगी मिळाली. त्या आत आल्या तेव्हा हातात ट्रे होता आणि ट्रेत दोन रांगा करवंट्या. एका रांगेत आमोण्याच्या नदीकाठच्या शेतातली माती, दुसरीत त्या मुलीच्या शेतातली. दोन्हींत तीन आठवड्यांपूर्वी अळसांदे, म्हणजे चवळीचे दाणे, पेरलेले. नदीच्या मातीत दोन-दोन पानं वर आली होती, एक करवंटी सोडून. दुसऱ्या रांगेत तांबडा पापुद्रा, मधे चीर, बाकी काही नाही.

त्या एका रिकाम्या करवंटीकडे बोट दाखवून एक मुलगा म्हणाला की इथला गाळही खाणीचा दिसतो, नाहीतर टीचर पाणी घालायला विसरल्या. वर्ग हसला. वयनीही हसल्या आणि पाणी घालायला आपणच विसरलो असू असं त्यांनी कबूल केलं. मग त्यांनी विचारलं की दोन्ही गाळच, मग एक का उगवतो आणि दुसरा का नाही. आणि त्या थांबल्या.

मी मागे बसून मिनिटं मोजत होतो. परीक्षक तेच. मला वाटलं, आता ह्या बाई ह्या शांततेत सगळं घालवणार. मुलं करवंट्या हातात फिरवत होती, माती चिमटीत चोळत होती. शेवटी ती रिबनवाली मुलगी म्हणाली की नदीच्या मातीत कुजलेली पानं आहेत, ही नुसती फोडलेल्या दगडाची पूड आहे. वयनींनी तिलाच फळ्याशी बोलावलं. 'ह्यूमस' हा शब्द इंग्रजीत लिहायला लावला, खाली 'कुजलेला पालापाचोळा' मराठीत. तिथून गाडी अशी सुटली की मूल्यमापन, स्वाध्याय, सगळं तासात बसलं. नियमापुरती इंग्रजी, कळण्यापुरती आपली. घंटा झाली तेव्हा त्या फळा पुसत होत्या.

परीक्षकांनी पास केलं. गुण मात्र जेमतेम, भाषेचे कापलेले. कॉलेजात कोणीतरी अर्ज करा, वाढतील असं सुचवलं. वयनी म्हणाल्या, "पास लिहिलंय ना? मग आता वर्गातून मला कोण बाहेर काढतो बघू." त्या जूनला ती जागा त्यांना मिळाली.

निरोपाच्या दिवशी मुलींनी त्यांच्या केसांत अबोलीचा वळेसर माळला. त्यांनी मला पेडण्याला यायचं आमंत्रण दिलं, घरी नाही, शाळेत, वर्ग बघायला. येतो म्हटलं. पेडणे काही लांब नाही, डिचोलीहून सकाळी निघून दुपारी परत येता येतं. मी अजून गेलेलो नाही. मलाही इथे नोकरी मिळाली, आणि वर्गात प्रश्न विचारून थांबायचं मी शिकतो आहे. उत्तर नाही आलं की अजून तोंडातून अर्धं निसटतं.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी बी.एड.च्या सरावासाठी नेमका वयनींच्या शाळेत गेला. दोन आठवड्यांत माझ्याकडे तक्रार घेऊन आला. एकच पाठ त्या बाईंनी त्याला तीनदा घ्यायला लावला होता. सर, पोरांनी सगळी उत्तरं बरोबर दिली, तो सांगत होता, पाठ वेळेत संपला, टाचणाबाहेर एक शब्द गेला नाही. मग काय चुकलं असं त्याने बाईंना विचारलं.

"तर म्हणाल्या, काहीच चुकलं नाही, म्हणूनच परत घे." तो चांगलाच तापला होता. "सर, तुमची ओळख आहे ना त्यांच्याशी? एक फोन करा. काय करू मी?"

"परत घे," मी म्हणालो.