पडदे ओढलेली बस

बसवराज गेल्याचं मला त्याच्याच ब्लॉगवरून कळलं. "आमचे हे गेले. आता इथं बातमी येणार न्हाय," असं वहिनींनी त्यावर टाकलं होतं. नेहमीसारखं आमच्या पेपराच्या आधी… बसूच्या ब्लॉगवरची बातमी खोटी निघावी असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

जळकोटला हायवेला लागून बसूचं दुकान. मोबाइलचं रिचार्ज, दुरुस्ती, पाण्याच्या बाटल्या. दारातल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तो 'फाट्यावरून' हा राजकीय ब्लॉग लिहायचा. मी तालुक्याचा वार्ताहर. सकाळी तो आमच्या पेपराची सालटी काढायचा आणि दुपारी मी त्याच्याच ब्लॉगवरनं बातमीचा माग काढायचो. पेपरात मात्र छापून यायचं, 'सूत्रांकडून समजते'. बसू भडकायचा. "म्या सूत्र हाय व्हय रे? आईबापानं नाव ठिवलंय मला. छाप की ब्लॉगचं नाव."

पंचायत समितीच्या सभापतीच्या निवडीआधी, फुटू नयेत म्हणून, सदस्यांना सहलीला न्यायची आपल्याकडं रीतच आहे. एका वर्षी सत्ताधारी गटाची अशीच एक बस जळकोटला चहाला थांबली, भर दुपारी सगळे पडदे ओढलेली. पठ्ठ्या बाटल्या विकायच्या निमित्तानं थेट आत चढला आणि विरोधी गटाचे तिघं मागच्या सीटवर बघून आला. लगेच नावांसकट ब्लॉगवर! मी तिघांना फोन लावले, तिघांचेही बंद. संपादक म्हणाले, "सूत्रं म्हणा." मी म्हणालो, "साहेब, ब्लॉगचं नाव जाणार नसंल तर बातमी पाठवत न्हाय." खोटी ठरली असती तर माझं काम गेलं असतं… पण नाव छापून आलं.

निवडीच्या दिवशी आम्ही दोघं पंचायत समितीबाहेर जीव मुठीत धरून उभे. निकाल आला. तिघांनीही पलीकडं हात वर केले होते. बसूनं मला रस्त्यावरच उचललं. लई खूश होतो राव आम्ही! संध्याकाळी ब्लॉग उघडतो तर काय, 'नाव छापलं, पण पाचव्या पानावर. लाज वाटत न्हाय का?' हसून हसून पुरेवाट झाली.

परवा त्याच्या खुर्चीत बसलो होतो. दुकान आता वहिनी बघतात. समोर एक बस चहाला थांबली. पडदे ओढलेले. "बसू…" माझ्या तोंडून निघूनच गेलं. वहिनींनी मान वर केली, बसकडं बघितलं आणि पाण्याच्या बाटल्या माझ्या हातात कोंबल्या.

"भावजी, नुसतं बघत काय बसलाव? चढा की आत. लिहिते म्या."