तिखट मीडचा दुसरा ग्लास

नवी सून गप्प असली की घरातले लोक तिच्यासमोर काहीही बोलतात. तिला ऐकू येत नाही असं बहुतेक त्यांना वाटत असावं. मी मुळातच कमी बोलणारी, त्यात नवीन घर. त्यामुळे किस्से माझ्याकडे आपोआप जमत गेले. फ्रिजच्या डोक्यावर रबरबँड, संपलेले सेल आणि कुणाच्या तरी औषधाच्या गोळ्या जमतात ना, तसे. कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण आवरायला घेतलं की ढीग निघतो.

हा ढीग नाशिकच्या तिखट महोत्सवातला आहे. मिस्ड कॉल देऊन निरोप कळवायचे ते दिवस होते.

माझं स्थळ बघताना माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "मुलगा सातपूरला कंपनीत. नोकरी कायम." नोकरी खरोखरच कायम होती. मिलिंदनेच ती सोडली, लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात. कारण त्याला आणि त्याच्या शाळेतल्या मित्राला, भूषणला, मीड बनवायची होती. मीड म्हणजे मधाची वाईन. मध पाण्यात कालवायचा, पिंपात आंबवायचा आणि महिनोन् महिने वाट बघायची. एवढ्यावर ते थांबले असते तर निदान गोड तरी झालं असतं. पण ह्यांना त्यात मिरची घालायची होती.

"नुसती मीड कुणीही करेल," भूषण म्हणाला.

आमच्या निफाडमध्ये तेव्हा कुणीही करत नव्हतं.

*

पिंपं ठेवली होती शेतावरच्या शेडमध्ये. ही शेड सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. द्राक्षाचा हंगाम आला की तिथे बेदाणा वाळतो. अण्णांनी ती हौसेने दिली होती, पण हौस पहिल्या पिंपापुरती होती. जानेवारीत ते जेवताना म्हणाले, "बेदाण्याला शेड लागंल मला."

मिलिंदचा घास हातातच राहिला. "अण्णा, आता कुठे माल तयार झालाय. पुढच्या आठवड्यात तिखट महोत्सव आहे, गंगापूर रोडला. तिथे स्टॉल घेतलाय. लोकांना आवडलं तर?"

"आवडलं हे कसं कळनार तुला? फुकट चव दिल्यावर समदेच मुंडी हलवत्यात."

मग अण्णांनी अट घातली. महोत्सव दोन दिवसांचा. त्या दोन दिवसांत एका तरी माणसाने स्वतःच्या तोंडाने मिरचीच्या मीडचा दुसरा ग्लास मागायचा. माणूस घरातलं नको. आणि आग्रह करायचा नाही.

"आग्रह का नाही?" भूषणने विचारलं.

"आग्रह केला तर मानूस रॉकेलबी घेतंय."

तसा माणूस भेटला, तर शेड पोरांची. नाही भेटला, तर शेड बेदाण्याची आणि मिलिंद पुन्हा सातपूरला. मिलिंद हो म्हणाला. त्याला अट सोपी वाटली. मला त्याच क्षणी वाटलं, आपण हरलो. मी लहानपणापासून पंगतीत वाढत आलेय. आपल्याकडे दुसऱ्यांदा कोण मागतं?

*

सासूबाईंचं ह्या सगळ्याबद्दल मत एकदम स्वच्छ होतं. बाटली घरात आणायची नाही, उंबऱ्याच्या आत तो वास नको आणि पाहुण्यांसमोर 'मधाचा कारखाना' एवढंच म्हणायचं.

पण मिरच्या त्यांच्याच होत्या. परसात त्यांनी लवंगी मिरची लावली होती, बोटाच्या पेराएवढी आणि जहाल. भूषणला बाजारातली मिरची पसंत पडेना, म्हणून तो एक दिवस पाटी घेऊन परसाच्या दाराशी उभा राहिला. सासूबाईंनी मिरच्या तोडल्या, धुतल्या, फडक्यावर पसरून कोरड्या केल्या, एकेकीचं देठ काढलं आणि पाटी त्याच्या हातात दिली.

"मिरची मी दिली," त्या म्हणाल्या. "म्होरचं पाप तुमचं."

*

महोत्सवात आमचा स्टॉल ओळीच्या अगदी टोकाला होता. परवाना एका ओळखीच्या वायनरीचा. त्यांच्या वाईनशेजारी आमचं टेबल, त्यावर मिरीची बिअर, मिरीची मीड आणि लवंगी मिरचीची मीड. तिन्ही बाजूंनी कापड आणि वर पाटी, 'फक्त मोठ्यांसाठी'.

आणि आयोजकांनी आमच्या लगतचा स्टॉल कुणाला द्यावा? सासूबाईंच्या बचत गटाला. ठेचा, भाकरी, पिठलं आणि ताक.

सासूबाईंनी आल्या आल्या दोन्ही स्टॉलमधली मोकळी जागा बघितली, आपली खुर्ची उचलली आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या. गटातल्या मंदाताईंनी विचारलं, "वहिनी, हे तुमच्याच मिलिंदचं ना?"

"कोन मिलिंद?" सासूबाई म्हणाल्या.

अण्णांनी मात्र दोन्ही स्टॉलच्या मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. पंचाला बसायला तीच जागा बरोबर होती.

*

पहिल्या संध्याकाळी इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची चार मुलं आली. भूषणने त्यांना नीट समजावलं, की आधी मध लागेल, मग फुलांचा वास येईल आणि मिरची सगळ्यात शेवटी, घशात, हळूच येईल. मुलांनी ते ऐकून घेतलं आणि लवंगी मीड पाणीपुरीचं पाणी पितात तशी एका दमात ओतली.

मिरची हळूच आली नाही.

"काहीच तिखट नाहीये," त्यातला एक म्हणाला. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुसऱ्याला उचकी लागली होती. तिसरा नुसताच वर बघत उभा होता, कुणीतरी वरून नाव घेऊन हाक मारल्यासारखा. मग चौघेही एकदम वळले आणि शेजारच्या स्टॉलवर गेले. सासूबाईंनी काही न विचारता ताकाचे चार ग्लास पुढे केले.

"काकू, अजून एक द्या ना."

"मला पण."

"मला दोन."

अण्णा खुर्चीतून मिलिंदकडे वळले. "मागायला लागले बघ. दुसरा ग्लास."

*

दुसरे आले ते देवळाली कॅम्पचे निवृत्त सुभेदार. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, सगळी नोकरी तोफखान्यात. त्यांनी मीड घेतली, उभ्याने संपवली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. फक्त कान लाल झाले.

"कशी वाटली, साहेब?"

सुभेदारांनी विचार केला. "आमच्याकडे आधी ऑर्डर येते आणि मग फायर होतं," ते म्हणाले. "इथं आधी फायर झालं. ऑर्डर अजून आलेली नाही."

पण ते गेले नाहीत. ग्लास हातात धरून उभे राहिले. "बास," म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "बास आता." ग्लास आमच्याच दिशेला. मिलिंदने बाटलीकडे पाहिलं. अण्णांनी मिलिंदकडे पाहिलं. मिलिंदने हात पुढे करून रिकामा ग्लास काढून घेतला आणि "थँक यू" म्हणाला.

सुभेदारांचा चेहरा तेव्हा पडला. मिरचीने जे केलं नव्हतं, ते ह्या 'थँक यू'ने केलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी कळवणकडचे दोघे भाऊ आले, कांदा विकून. सोबत पिशव्या, डोक्यावर टोप्या. थोरल्याने मीड चाखली, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, डोळे पुसले आणि म्हणाला, "लय भारी हाय."

भूषणचा जीव भांड्यात पडला. "मग दादा...?" एवढं म्हणून त्याने जीभ चावली. हाही आग्रहच झाला असता. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

थोरल्याने ग्लासवर तळवा ठेवला. "नाय नाय. पुरे."

आता त्या तळव्याबद्दल सांगते. पानावर हात आडवा घालून 'नको' म्हणणारी माणसं मी खूप पाहिलीत. ज्याला खरंच नको असतं, त्याच्या बोटांत फट नसते. ह्यांच्या बोटांच्या मधून आख्खी पळी गेली असती. मी मिलिंदला कोपराने ढोसलं. त्यालाही दिसत होतं. पण पंच समोर बसला होता.

"पुरे बरं का," थोरला पुन्हा म्हणाला. "जास्ती नको."

कुणी हललं नाही. तो बिचारा ग्लासवर हात ठेवून उभा, हे दोघे हात मागे बांधून उभे. शेवटी धाकट्याने पिशव्या उचलल्या.

"चल भाऊ," तो म्हणाला. "हितं मानुसकी नाय."

*

चार वाजता मुंबईहून एक वाईनतज्ज्ञ आले. हे वायनरीचे पाहुणे. त्यांनी ग्लास उजेडात धरला, गोल फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. आमच्या टेबलापुढे पहिल्यांदाच शांतता झाली.

"संत्र्याची साल," ते म्हणाले. "जांभळाच्या फुलांचा मध. थोडा लाकडाचा धूर. आणि मग ही मिरची. वा. फार प्रामाणिक मिरची आहे."

मिलिंदने माझा हात धरला, चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदाच.

तज्ज्ञांनी घोट तोंडात घोळवला, मान डोलावली आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकला. चव घेणाऱ्यांची तीच पद्धत असते म्हणे. दिवसभर किती चाखायचं असतं, गिळत बसले तर कसं व्हायचं. भूषणला ते माहीत होतं. अण्णांना नव्हतं.

"दुसरा मागायचं ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "ह्यानं पहिलाच परत दिला."

*

अंधार पडायला लागला तसे स्टॉल आवरायला लागले. अण्णा खुर्चीत तसेच. खरं तर तेही खूश दिसत नव्हते. कळवणवाल्यांनंतर त्यांनी दोनदा तंबाखूची डबी उघडून नुसतीच मिटली होती. पण अट त्यांची होती आणि अण्णा स्वतःची अट मोडणाऱ्यातले नाहीत.

मिलिंद बाटल्या खोक्यात भरू लागला. लवंगीच्या बाटल्या जवळजवळ सगळ्या भरलेल्याच होत्या.

"सोमवारी सातपूरला फोन करतो," तो मला म्हणाला. "जुने साहेब आहेत अजून. घेतील."

हळू बोलला होता. पण आमच्यात आणि ठेच्यात अंतरच किती.

सासूबाई उठल्या. हात पुसले, पदर खोचला आणि आमच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. मागून नाही, गिऱ्हाईक येतं तशा, पुढून. 'फक्त मोठ्यांसाठी' लिहिलेल्या पाटीखालून.

"भूषण, एक दे."

"काकू, ताक संपलं का तुमच्याकडचं?"

"ताक माझं हाय. तुझं काय ते दे. मिरचीचं."

भूषणने मिलिंदकडे बघितलं. मिलिंदने आईकडे. शेवटी ग्लास मीच भरून दिला.

बचत गटाच्या बायका भाकरीची परात सोडून एका ओळीत उभ्या राहिल्या. सासूबाईंनी आधी वास घेतला आणि नाक मुरडलं. मग एक घोट घेतला. पदराने नाक पुसलं. दुसरा घोट घेतला. त्यांना पानात काही टाकलेलं चालत नाही, तसंच त्यांनी तळाशी काही ठेवलं नाही. चेहऱ्यावरून मला काहीच कळेना, आणि आठ-नऊ महिने मी तोच चेहरा वाचत होते.

मग त्यांनी रिकामा ग्लास टेबलावर ठेवून पुढे सरकवला.

"आनखी एक दे," त्या म्हणाल्या. अगदी स्पष्ट. मैदानाच्या त्या टोकापर्यंत जावं अशा आवाजात.

मंदाताईंनी तोंडाला पदर लावला.

अण्णा खुर्चीतून उठले. "घरातलं मानूस चालनार नाय. ठरलंय तसं."

"घरातली घरी," सासूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "हितं मी शेजारच्या स्टॉलवरची बाई हाय."

"आन् आग्रह?"

"कुनी केला? तुमी केला का कधी, आजवर?"

मी बाटली उचलली. पलीकडे ठेच्याच्या टेबलाशी एक उशिराचं गिऱ्हाईक ताटकळत होतं. बचत गटातलं कुणीच तिकडे बघत नव्हतं. अण्णा सावकाश चालत गेले, फडकं बाजूला करून भाकरी काढली, तिच्यावर ठेचा घातला आणि त्या माणसापुढे धरली.

"घ्या," ते म्हणाले. "बाई जरा कामात हायेत."