साडूभाऊंचा औषधी गोळा

वस्तू विकत घेणं वेगळं आणि वस्तू निवडणं वेगळं, हे उभ्या जगात एकाच माणसाला कळलेलं आहे. तो माणूस पोशीरला राहतो आणि माझा साडू आहे. बाकी आपण सगळे दुकानात जातो, बोट दाखवतो आणि पिशवी घेऊन घरी येतो. साडूभाऊंच्या मते याला खरेदी नव्हे, हमाली म्हणतात. त्यांनी सगळी नोकरी रसायनीच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात काढली. पिंप उघडायच्या आधी झाकणाला नाक लावून आतल्या मालाची तब्येत सांगायचो, असं ते सांगतात. मी त्यात थोडी भर घालतो: पिंप अजून मोहोपाड्याच्या नाक्यावर टेंपोत असायचं, तेव्हाच यांना गेटवर शिंक यायची. रिटायर झाले, पण नाक रिटायर झालं नाही. छत्री घ्यायला गेले की दुकानदाराकडून बादलीभर पाणी मागतात आणि छत्री उघडून खाली उभे राहून त्यालाच ओतायला लावतात. गादी घ्यायला गेले तेव्हा दुकानातच दुपारची झोप काढली. दुकानदाराने हलवून उठवलं तर कूस बदलत म्हणाले, "थांब रं, डावी बाजू राह्यलीय अजून." दुसऱ्याला काय हसू? माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडून मला बघायला हेच आले होते. शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. उठले, माझ्या पाठीत दणकन एक थाप मारली, आतून येणारा आवाज कान देऊन ऐकला आणि म्हणाले, "चालंल." त्या एका शब्दावर माझा संसार उभा आहे.

तर गेल्या वर्षी आमच्या अक्का, म्हणजे साडूभाऊंची बायको आणि माझी थोरली मेव्हणी, शेताच्या बांधावरून घसरल्या आणि उजवा हात मोडून बसल्या. प्लॅस्टर निघालं तेव्हा हात जागेवर होता, पण त्यातली ताकद कुठेतरी बांधावरच राहिली होती. तांब्या उचलवेना. आणि ही बाई अशी, की सूप हातात घेतलं तर अर्धं पोशीर बघायला थांबावं. दाणा इकडे, फोल तिकडे. पाखडताना सुपातून कधी एक दाणा चुकून बाहेर गेला, तर तो लाजून परत आला असेल, असं मला वाटतं. कर्जतच्या व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "या दोनतीन महिन्यांत हात चालवला तर चालेल. नाहीतर असाच राहील. दोन किलोचा मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा भरीव गोळा घ्या, चामड्याचा घ्या, हातातून निसटत नाही. दोन्ही हातांनी उचलायचा, फिरवायचा." अक्का तिथल्या तिथे म्हणाल्या, "मी काय बॉल खेळू या वयात? मला नाय जमायचं." अक्कांना हातात धरावासा वाटेल असाच गोळा निवडायचा, हे साडूभाऊंनी त्या क्षणी ठरवलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण सोबत मलाच जायचं होतं.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते औषधाच्या दुकानात. का, तर नावातच मेडिसिन. काउंटरवरच्या माणसाने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि म्हणाला, "काका, आमच्याकडं गोळ्या हायत. गोळा नाय." साडूभाऊ मला म्हणाले, "बगा पावणं, अर्धवट स्टॉक." मग खेळाच्या सामानाचं दुकान. तिथे चामड्याचे तीन गोळे होते. साडूभाऊंनी तिघांचा वास घेतला, शिवणीवरून अंगठा फिरवला, कानाशी धरून हलवले. एक जमिनीवर सोडला, तर तो सरळ जायचं सोडून डावीकडे वळला आणि एका बूट मापून बघणाऱ्या गिऱ्हाइकाच्या घोट्यावर जाऊन थांबला. "याचं पोट एका बाजूला हाय," साडूभाऊंनी निदान केलं. मग मुख्य प्रश्न आला.

"आत काय हाय?"

"काका, लेदर हाय, प्युअर."

"ते वरनं दिसतंय. आत काय हाय?"

"भरलंय."

"काय भरलंय?"

दुकानदाराने छताकडे पाहिलं. "वजन भरलंय."

"चला पावणं. ज्याला आपला माल आतनं म्हाईत नाय, त्याच्याशी काय बोलायचं?"

असं करत आम्ही खोपोली पालथी घातली, खालापूर हुंगून काढलं. दिवस जात होते. अक्का डाव्या हाताने भाकरी थापत होत्या आणि त्या भाकऱ्या बघून मदतीला आलेली माझी बायको माजघरात जाऊन डोळे पुसत होती. मी साडूभाऊंवर चिडलो. "अहो, हात आखडत चाललाय आणि तुम्ही वास कसले घेताय?" ते शांतपणे म्हणाले, "तिला नावडता आणला तर ती एकदा पण उचलायची नाय. मंग उपेग काय?" शेवटी मोहोपाड्याच्या एका दुकानात छान गोळा मिळाला. चामडं मऊ, शिवण घट्ट, सरळ घरंगळणारा. साडूभाऊंनी आत काय हाय विचारलं. दुकानदाराने खांदे उडवले, तेव्हा त्यांनी खिशातून पोती शिवायचं दाभण काढलं आणि दुकानदार "अहो, अहो" म्हणेपर्यंत शिवण उसवून आत बोट घातलं. बोटाला लागून बाहेर आली ती शर्टाची बाही. बटणासकट. गोळा अर्थातच आम्हाला घ्यावा लागला.

अक्कांनी ती बाही पाहिली आणि विषय संपवला. "कुणाच्या फाटक्या कपड्यांचा गठुडा मी छातीशी धरू व्हय?"

साडूभाऊ उठले. गोळ्यातल्या चिंध्या उपसल्या, चामडं उन्हात वाळवलं, कणगीतलं घरचं कोलम जातीचं भात आत ठासून भरलं, तोलून दोन किलो केलं आणि सुतळीने शिवून गोळा अक्कांच्या मांडीवर ठेवला. अक्कांनी नको नको म्हणत दोन्ही हातांनी तो जरा हलवला, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा हलवला. कानाशी नेला. मी पाहिलं, उजवा हात खांद्याच्या वर गेला होता. "अवो, कुणी पाखडलंय हे?" अक्का कडाडल्या. "निम्मं फोलच हाय की आत! आणा ते सूप इकडं!"

त्या दिवशी सूप तीनदा हातातून पडलं. पडवीभर भात झालं. पण गोळ्यातलं भात निवडून होईपर्यंत अक्का उठल्या नाहीत. आठ दिवसांनी गोळा पुन्हा हलवला तर आत पुन्हा फोल. पुन्हा शिवण उसवली, पुन्हा सूप. महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी हात वरखाली करून पाहिला आणि चकित होऊन विचारलं, "फारच छान! बॉल कोणता घेतलात?"

"कोलम," साडूभाऊ म्हणाले.

एकदा मी अवेळी पोशीरला टपकलो, तर साडूभाऊ पडवीच्या कोपऱ्यात पाठ करून बसलेले. मांडीत उघडा गोळा, शेजारी टोपलीभर फोलं, आणि हा थोर तपासनीस मूठमूठ फोल चांगल्या भातात कालवत होता. साऱ्या आयुष्यात त्यांनी मालात केलेली ही एकुलती एक भेसळ. मला पाहून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

मी आत गेलो. अक्का उजव्या हाताने चहा गाळत होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "बसलेत ना कालवत? त्यांना वाटतं मला कळत नाय. एकदा पाखडलेल्या भातात फोल येतंय कुठनं?"

"मग सांगत का नाही, अक्का? हात तर बरा झालाय तुमचा."

"बरा होऊन चार महिनं झालं," अक्का म्हणाल्या. गाळणी आपटली, बाहेरच्या पाठीकडे पाहिलं. "पण माझ्यासाठी एवडं निवडून कुणी काय आणलं होतं? चालू दे."

चहा घेऊन मी पडवीत आलो. साडूभाऊंनी नुकतीच शेवटची गाठ मारली होती. मी गोळा उचलला, त्याच्या पाठीत दणकन एक थाप मारली आणि कान लावला. आत भात हळूच सरकलं, कुणीतरी कुशीवर वळावं तसं.

साडूभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"चालंल," मी म्हणालो.