मुराळ्याची पुढची जागा

कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी जळगावात एका जीपगाड्यांच्या शोरूमच्या वर्कशॉपात कारकून होतो. नव्वदीची नुकती सुरुवात झाली होती. मेकॅनिकांना इंग्रजी येत नसे आणि मालकाला वेळ नसे, म्हणून पत्रं वाचायचं काम माझं. त्यात लिहिलं होतं की अमुक नंबरापासून तमुक नंबरापर्यंतच्या गाड्यांत सायलेन्सरच्या पाइपाचा मागचा जोड उकलू शकतो. धूर मागच्या सीटखालच्या पत्र्यातून आत शिरू शकतो. डोळ्यांना दिसेलच असं नाही, वासही फारसा येईल असं नाही, पण माणसाला तो घातक. गाड्या ताबडतोब बोलावून घ्या, पाइप फुकट बदलून द्या आणि तोवर मागे कोणाला बसवू नका असं मालकांना कळवा.

मालक म्हणाले, "कार्डं टाकून दे सगळ्यांना." मी रजिस्टर उघडलं आणि दोन दिवस बसून पोस्टकार्डं लिहिली. चोपडा, धुळे, दोंडाईचा, जिथे जिथे गाडी गेली होती तिथे तिथे. अक्षर माझं चांगलं होतं, त्याचा तोराही होता. यादीत एक नंबर भडगावचा होता. ती गाडी माझ्या मेव्हण्यांची, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची. ते एक कार्ड मी लिहिलं नाही. घरच्या माणसाला कार्ड काय टाकायचं, भेटलो की सांगू, अशी मी माझीच समजूत घातली.

ती थाप होती. मेव्हण्यांना खरं तर जुनी मॅटाडोर घ्यायची होती. मीच त्यांच्या मागे लागून ही गाडी घ्यायला लावली होती. "डोळे झाकून घ्या, मी बसलोय ना वर्कशॉपात," असं चारचौघांत छातीवर हात मारून सांगितलं होतं. तेव्हापासून बहिणीच्या सासरी माझा भाव वधारला होता. मी गेलो की माझ्या ताटात तूप जरा जास्त पडायचं. आता त्याच ओसरीवर बसून गाडीत खोट आहे म्हणायचं म्हणजे माझंच नाक कापून घेणं. शिवाय तुळशीची लग्नं लागून गेली होती आणि गाडी रोज कुठल्या ना कुठल्या वऱ्हाडाला ठरलेली होती. लग्नसराई उरकू दे, मग बघू, असं मी ठरवलं. इतका मी शहाणा.

बहिणीला तेव्हा सातवा चालू होता. आमच्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेकीला माहेरी आणायला तिचा भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात आणि त्या दिवशी त्याचा मान मोठा असतो. मी भडगावला गेलो तर मेव्हणे दारातच म्हणाले, "पाव्हणा, यष्टीनी कसाले जातस? घरनी गाडी शे." गाडी धुऊन पुसून उभी होती, वर झेंडूची माळ घातलेली.

जेवणं व्हायच्या आधी, टायर बघायच्या निमित्तानं मी खाली वाकलो. मागच्या जोडावर बोटभर रुंद काजळी धरली होती. मी मेकॅनिक नव्हतो, पण काजळी कशाची हे पत्र वाचलेल्या माणसाला कळायला वेळ लागत नाही. मी उठलो, हात झटकले आणि वरणबट्टी खायला बसलो. पंगतीत मेव्हणे शेजाऱ्यांना सांगत होते की गाडी झकास शे, पाव्हण्यानंच निवडून दिली. मी बट्टी कुस्करत राहिलो.

एक गोष्ट मला त्याच जेवणात कळली होती, तीही लपवून चालणार नाही. सासूबाई हसत म्हणाल्या की सूनबाईला या गाडीत बसलं की डोकं धरतं, मळमळतं, पण पोटुशी बाई म्हणजे असं व्हायचंच. बहीण माझ्याकडे बघून म्हणाली, "माले गाडी लागस ना, भाऊ." तिला गाडी लागते हे आमच्या घरात लहानपणापासून ठरलेलं होतं. एकदा सहलीच्या यष्टीत ती माझ्या नव्या शर्टावर ओकली होती, तेव्हापासून मी तिला चिडवत आलेलो. त्या दिवशीही म्हणालो, "तुला बैलगाडी सुद्धा लागेल." सगळे हसले. तीही हसली. सगळं कळूनसुद्धा मी तो विनोद केला, याचा मला अजून राग येतो.

निघताना मेव्हणे स्टिअरिंगवर बसले. मी बहिणीला म्हणालो, "तू पुढे बस." म्हणालो, नाही असं नाही. पण तिची आत्येसासू होती, डोळे दाखवायला आमच्याबरोबरच जळगावला येणारी. ती म्हणाली, मुराळ्यानं मागे बसायचं म्हणजे आमच्या घराची शोभा होईल. मी आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर कारण सांगावं लागलं असतं. मी पुढे बसलो, त्या दोघी मागे बसल्या, आणि ओटीतला नारळ बहिणीच्या मांडीवर होता.

पाचोऱ्याला चहाला थांबलो तेव्हा बहीण पांढरीफटक पडली होती. वाटेत दोनदा ओकली होती. आत्येसासूचंही डोकं ठणकत होतं, पण तिचं म्हणणं, उन्हं कलली, गार वारं बाधलं. तिनं बहिणीला लिंबू हुंगायला दिलं, घोंगडीत गुंडाळलं. मागच्या ताडपत्रीच्या पडद्याची एक बाजू सुटून फडफडत होती. बहीण म्हणाली, "भाऊ, थंडी वाजस. पडदा बांधी दे ना."

मी बांधला. दोन्ही बाजूंनी, पक्क्या गाठी मारून. अजून दीड तासाचा तर रस्ता आहे, पत्रात 'शकतो' लिहिलंय, 'येतोच' असं कुठे लिहिलंय, असं मी मनात घोकत होतो. मग पुढे जाऊन मानाच्या जागेवर बसलो आणि माझ्या बाजूची काच खाली केली.

जळगावला पोचलो तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. तिला तसंच दवाखान्यात नेलं. ती वाचली. बाळ तिसऱ्या दिवशी पोटातच गेलेलं निघालं. मुलगा होता. डॉक्टरांनी विचारलं, पडल्या होत्या का, गचका बसला का, काही खाल्लं का. धुराचं त्यांनी विचारलं नाही आणि मी दाराशी उभा राहून सांगितलं नाही. मी डॉक्टर नाही, त्या धुरानंच झालं असं छातीठोकपणे मला आजही म्हणता येणार नाही. पण या वाक्याआड मी पुष्कळ वर्षं लपलो.

आठ दिवसांनी मी गाडी वर्कशॉपात घेतली आणि पाइप बदलला. जुना जोड हातात घेतला तर त्यातून माझं बोट आरपार गेलं. मेव्हण्यांना सांगितलं, सायलेन्सर जरा वाजत होता. ते चार लोकांत म्हणाले, "एक पैसा लिन्हा नही. पाव्हणा लाख माणूस शे." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय.

सगळे बोल बहिणीला लागले. सातव्यात प्रवास केला, हट्टानं लिंबू खाल्लं, अंगात जीवच नाही. आमची आईसुद्धा बोलली. मी शेजारी बसून ऐकत असे. बहिणीला पुढे दोन लेकरं झाली, चांगली झाली, पण ती जीपमध्ये पुन्हा चढली नाही. माहेरी यायची तर यष्टीच्या खिडकीत बसून पाचोऱ्यापर्यंत, तिथून रेल्वेनं.

सहा-सात वर्षांनी, दिवाळीत ती आमच्याकडे, जळगावातल्या मेहरूणला, आली होती. संध्याकाळी आम्ही दोघं तिथल्या तलावाच्या काठानं चालत होतो. कशावरून तरी त्या पोराचा विषय निघाला. आज शाळेत जात असता, ती म्हणाली. मग सहज बोलावं तसं बोलली, "मीच सांगं व्हतं ना तुले पडदा बांधाले. आत कोंडी ऱ्हायनं, जीव घाबरना मना, त्यानीच गया तो. कोणले सांगेल नही मी."

माझ्याकडे सगळा दोष होता, लेखी, कंपनीच्या कागदावर. आणि ही बाई सात वर्षं एका ताडपत्रीचा दोष उराशी धरून बसली होती. मी तिथेच काठावरच्या दगडावर बसलो आणि सांगितलं. पत्र, न लिहिलेलं कार्ड, काजळी, पाइपातून गेलेलं बोट, काही शिल्लक ठेवलं नाही. रडलोही. ती रडली नाही. पाण्याकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

मी वाट बघत होतो की ती शिव्या देईल, नाहीतर जाऊ दे म्हणेल. तिनं पदर नीट केला, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं.

"मंग बठ्ठा लोके माले बोलेत, तवय तू नुसता ऐकत ऱ्हायना?"